पाचवी बाटली पांढरी

१

पाचव्या बाटलीतली पूड पांढरी निघाली, तेव्हा आत्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. चष्म्याचा काही दोष नव्हता. पूड पांढरीच होती.

टेबलावर पाच बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. पहिली करडी, दुसरी तिच्याहून गडद, तिसरी तपकिरी, चौथी काळीकुट्ट. आणि पाचवी, जी सगळ्यांत काळी असायला हवी होती, ती दळलेल्या मिठासारखी स्वच्छ.

बाटल्या भिंगरीच्या. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ती प्रयोगशाळेत चालताना कुणी पाहिली नव्हती, सदा पळतच असायची, म्हणून भिंगरी. पाच आठवडे तिने भट्टीत झिओलाइट चालवला होता. झिओलाइट दिसायला चिमूटभर भुकटी, पण भिंगाखाली त्याचा एकेक स्फटिक म्हणजे बारीक बोगद्यांनी पोखरलेला डोंगर. त्या बोगद्यांत अल्कोहोलची वाफ शिरते आणि इंधन होऊन बाहेर पडते. काम करता करता आत काजळी धरते, बोगदे बुजत जातात, आणि एक दिवस डोंगर थकतो. ही काजळी आधी कुठे धरते आणि मग कशी पसरते, हाच भिंगरीच्या प्रबंधाचा विषय. भट्टीत पाच नळ्या होत्या. दर सोमवारी एक काढायची, तिच्यातली पूड बाटलीत भरायची आणि आत्यांच्या हवाली करायची. पाचवी बाटली मात्र भिंगरीच्या वडिलांच्या आजारपणामुळे आठवडाभर उशिरा आली होती.

आत्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीच्या प्रमुख. एकतीस वर्षं त्या थंड, अर्धवट अंधाऱ्या खोलीत बसून केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या वस्तू बघत आलेल्या. संस्थेचे संचालक त्यांचा सख्खा भाचा. लहानपणी आत्यांच्या मांडीवर बसून त्याने भिंगातून माशीचा डोळा पाहिला होता. तो 'आत्या' म्हणायचा, म्हणून सगळी संस्था 'आत्या' म्हणायची. बैठकीत मात्र तो 'मॅडम' म्हणे आणि दोघांनाही हसू आवरावं लागे.

त्या मंगळवारी तो हसत नव्हता. दार लोटून आत आला आणि स्टुलावर बसला.

"फूटपट्टीने लेखी तक्रार केलीय."

फूटपट्टी म्हणजे भिंगरीच्या शेजारच्या भट्टीवर काम करणारा संशोधक. त्याचं सगळंच मोजून मापून, अगदी बोलणंसुद्धा. एखादं वजन तीनदा केल्याशिवाय तो वहीत लिहीत नसे, आणि कुणी थट्टा केली तर चौथ्यांदा करी.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, शेवटच्या शनिवारी पाचव्या नळीतून निम्मंसुद्धा इंधन निघत नव्हतं. तशी नोंद आहे. नळी मरायला टेकलेली आणि पूड नुकती जन्मलेली, हे कसं? म्हणजे हिने जुनी पूड फेकली आणि कोरी भरली. आपली पूड काजळी धरतच नाही, असं दाखवायला."

"अरे, पण..."

"शुक्रवारी समिती बसतेय, आत्या. कायमची जागा एक, उमेदवार दोन, भिंगरी आणि फूटपट्टी. हे खरं ठरलं तर तिची जागा जाईलच, प्रबंधही जाईल." त्याने कपाळ चोळलं. "मी तिला बोलावून विचारलं. म्हणाली, पूड मी बदलली नाही. मग झालं काय, म्हटलं, तर खाली मान. तिला काहीतरी माहीत आहे, आत्या. आणि ती बोलत नाही."

२

"ती बोलत नसेल तर पुडीला विचारू," आत्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पांढऱ्या पुडीतले चार स्फटिक त्यांनी कार्बनी गोंदाच्या पट्टीवर बसवले. मग आयनांच्या किरणाने त्यांचे काप काढले, इतके पातळ की त्यांतून इलेक्ट्रॉन आरपार जावेत. शेजारी तुलनेला डब्यातल्या कोऱ्या पुडीचे काप. मायक्रोस्कोप प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून तिथे काय आहे ते मोजत होता, आणि पडद्यावर हळूहळू नकाशा उमटत होता. जिथे नुसता झिओलाइट तिथे हिरवा रंग, जिथे काजळी तिथे लाल.

कोऱ्या पुडीचा काप कडेपासून मध्यापर्यंत हिरवागार आला.

पाचव्या बाटलीचा काप आला आणि आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. कड हिरवी. पण मधोमध, स्फटिकाच्या पोटात, लालभडक डाग. दुसऱ्या कापात तसंच. तिसऱ्यात, चौथ्यात तसंच.

बुधवारी सकाळी त्यांनी भाच्याला बोलावलं, आणि तक्रार करणाऱ्यालाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "कोऱ्या पुडीच्या पोटात काजळी असायचं कारण नाही. हिच्या पोटात आहे, आणि कडेला नाही. काजळी जळते ती बाहेरून आत. गरम भट्टीत हवा शिरली तर ती आधी कडेला पोचते. कड साफ झाली, पोट राहून गेलं. पूड बदललेली नाही. ही तीच पूड आहे, अर्धवट भाजून निघालेली."

संचालकांनी सुटकेचा श्वास सोडला. फूटपट्टी हात मागे बांधून पडद्यावर वाकला. कोरा काप पाहिला, पाचव्या बाटलीचा पाहिला, पुन्हा कोरा पाहिला. बराच वेळ गेला.

"मला फरक दिसत नाही," तो म्हणाला.

"कुठे दिसत नाही?"

"कुठेच. दोन्ही काप एकसारखे आहेत. कड आणि मध्य, सगळं सारखंच."

"अहो, मधे एवढा मोठा डाग आहे!" संचालकांचा आवाज चढला. "डोळे आहेत ना तुम्हाला?"

फूटपट्टीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "जे दिसत नाही, ते दिसतं असं मी म्हणणार नाही," एवढं बोलून तो निघून गेला.

"बघितलंस?" भाचा दाराकडे हात करून म्हणाला. "डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय नुसतं. जागेसाठी माणूस कुठल्या थराला जातो!"

त्या माणसाचं काहीतरी आत्यांना खटकलं होतं, पण काय ते हाती लागत नव्हतं.

"पूड जळली म्हणजे भट्टीत हवा गेली," भाचा म्हणाला. "आपोआप जात नाही ती. सोडली कोणी?"

३

भिंगरी बेसिनपाशी उभी राहून काचेच्या नळ्या धूत होती. धुतलेल्याच नळ्या पुन्हा धूत होती, हे आत्यांच्या लक्षात आलं.

"बाबा कसे आहेत तुझे?"

"बरे आहेत आता. घरी आणलंय." ती जरा हसली. "शनिवारी छातीत दुखायला लागलं आणि रविवारी पहाटे ऑपरेशनला घेतलं. तेव्हा काहीच सुचत नव्हतं."

"रविवारभर तू तिथेच?"

"भरतीच्या कागदावर सही केल्यापासून सोमवार सकाळपर्यंत. आई एकटी होती ना."

"मग भट्टी?"

"शनिवारी अल्कोहोल बंद करून ठेवलं होतं, दर आठवड्यासारखंच. रविवारी गरम नळीतून नुसता नायट्रोजन जातो, उरलीसुरली वाफ निघून जायला. त्याला माणूस लागत नाही."

"त्या रविवारचा आलेख दाखव."

भिंगरीने हात पुसले. मग पुन्हा पुसले. फाइल काढताना तिने आलेखाचा कागद आधी स्वतः पाहिला आणि मगच पुढे केला.

वायूच्या प्रवाहाची रेघ दिवसभर सरळ होती. फक्त अकरा वीसला ती खाली गेली होती आणि बारा मिनिटांनी पुन्हा जागेवर आली होती. त्याच्या लगेच पुढे तापमानाच्या रेघेला छोटासा उंचवटा आला होता, अकरा अंशांचा.

"हा उंचवटा कसला?"

"असतो कधी कधी."

आत्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावरून तास तास वाद घालणारी ही मुलगी अकरा अंशांना 'असतो कधी कधी' म्हणत होती.

"काजळी जळली की उष्णता निघते, हे तुला मी सांगायचं का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू हा कागद पाहिलास तेव्हाच तुला कळलं, हवा गेली म्हणून. साहेबांना सांगितलं असतंस तर तक्रार तिथेच मिटली असती. का नाही सांगितलंस?"

भिंगरीचे डोळे भरून आले. तिने एक नळी उचलली आणि नळाखाली धरली.

"आत्या, भट्टीकाकांना यात ओढू नका."

"काकांचं नाव मी घेतलं का?"

नळ तसाच वाहत राहिला.

४

भट्ट्या आणि वायूचे सिलिंडर सांभाळणाऱ्या भट्टीकाकांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला. भिंतीला साखळीने बांधलेले सिलिंडर, दोन रांगांत उभे. सिलिंडर फार जुने. वरची अक्षरं खरवडून गेलेली, रंग उडून सगळे एकजात राखाडी झालेले, आणि कागदी लेबलं आठवडाभरात तेलकट होऊन गळून पडणारी. म्हणून काकांची स्वतःची पद्धत होती. प्रत्येकाच्या गळ्यात ते रिबीन बांधत. हिरवी म्हणजे नायट्रोजन, लाल म्हणजे हवा. हवा कोऱ्या पुडी भाजायला लागायची. दोन्हींचे आटे सारखेच, कुठलाही सिलिंडर कुठेही बसे.

"छान चकचकीत ठेवलीय खोली," आत्या म्हणाल्या.

"भिंगरीच्या बाबांना भरती केलं, त्या शनिवारी सगळी फरशी धुतली. एकेक सिलिंडर हलवला, मागचे पुढे, पुढचे मागे. कंबर धरली माझी." काका खुश झाले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि आपल्यानंतर ही खोली कोण बघणार, या काळजीने त्यांना झोप येत नव्हती.

"काका, नोंदवही बघू?"

त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी मावळली.

वहीत लिहिलं होतं, चौदा नंबरचा सिलिंडर लावला तो त्याच्या आदल्या शनिवारी. पंधरा नंबरचा लावला सोमवारी. मधे काही नाही.

"एक सिलिंडर आठ दिवस पुरतो," आत्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "म्हणजे चौदा नंबर रविवारी संपला. अकरा वीसला. तो संपला असता आणि कुणी बदलला नसता, तर सोमवारपर्यंत प्रवाह शून्य असता. पण बारा मिनिटांत प्रवाह परत आला. म्हणजे मधे एक सिलिंडर आहे, जो या वहीत नाही."

काका खुर्चीवर टेकले. कितीतरी वेळ त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवले.

"पोर आहे हो ती," ते शेवटी म्हणाले. "बाप ऑपरेशन टेबलावर. त्यात इथे वायू संपल्याची घंटा वाजली असेल. धावत आली असेल, डोळ्यांत पाणी, हाताला लागला तो सिलिंडर लावला असेल. सोमवारी मी आलो तर भट्टीला लाल रिबीनवाला सिलिंडर! काळजात चर्र झालं. पण तिला तरी काय बोलणार? गुपचूप काढला, हिरवा लावला आणि वहीत काही लिहिलं नाही. तिच्या कामावर बोट उठायला नको म्हणून. आता बघतो तर बोट उठलंच."

"तुम्हाला वाटलं, तिने लावला."

"मग दुसरं कोण?"

"आणि तिला वाटतंय, ती नव्हती म्हणून तुम्ही येऊन लावलात. म्हातारपणी काकांवर ठपका नको, म्हणून स्वतः बोलणी खातेय."

काका आ वासून बघत राहिले.

"ती रविवारी हॉस्पिटलातून हललीच नाही, काका. आणि तुम्ही रविवारी येत नाही. मग घंटा वाजली तेव्हा इथे होतं कोण?"

५

उत्तर दारावरच्या नोंदीत होतं. रविवारी सकाळी नऊ ते दोन, इमारतीत एकच माणूस. फूटपट्टी.

भाच्याने टेबलावर हात आपटला. "झालं तर मग! स्वतःच हवा सोडली, आणि वर स्वतःच तक्रार केली. उद्याच्या उद्या त्याला घरी बसवतो."

"जरा थांब, बाळा."

"आता काय थांबायचं राहिलंय?"

"मला सांग, मुद्दाम करणारा माणूस घंटा वाजायची वाट बघेल का? नायट्रोजन संपला, घंटा झाली, मग बदलला. आणि मुद्दाम केलं असतं तर काम झाल्यावर सिलिंडर जागेवर नेऊन ठेवला असता. हा सोमवारपर्यंत तिथेच, आल्यागेल्याला दिसेल असा. लपवायचा विचारच नव्हता त्याच्या मनात."

"मग चुकून लावला म्हणायचं? तो? तीनदा वजन करणारा?"

"तेच मला कळत नाहीये." आत्या उठल्या. "आणखी एक. आज सकाळी मी नकाशा दाखवला, तेव्हा मला खोडायला त्याच्याजवळ सोपी वाट होती. 'हा गोंदाचा कार्बन असेल' एवढंच म्हणायचं. गोंदाने असं होतं, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला दोन दिवस लागले असते ते निस्तरायला. तोवर समिती बसून उठली असती. तो ते म्हणाला नाही. तो म्हणाला, फरक दिसत नाही. खोटं बोलायचं तर इतकं कच्चं खोटं कोण बोलेल?"

भाच्याने टेबलावरचा हात काढून घेतला.

"मला उद्या दुपारपर्यंत वेळ दे. आणि तोवर कुणाला काही बोलू नकोस."

खोलीत परत येऊन आत्यांनी फूटपट्टीचे गेल्या दहा वर्षांचे अहवाल कपाटातून काढले. एकेक पान उलटत गेल्या. आलेखामागून आलेख. एक रेघ तुटक, एक ठिपक्यांची, एक फुल्यांची, एक चौकोनांची. सगळ्या काळ्या शाईत. संस्थेत यावरून त्याची किती चेष्टा झाली होती! रंगीत छपाई आल्याचं फूटपट्टीला अजून कळलं नाही, म्हणून खुद्द आत्याही एकदा हसल्या होत्या.

दहा वर्षांत एकही रंगीत रेघ नव्हती.

आत्यांच्या हातातलं पान हातातच राहिलं. मग त्यांनी सगळे अहवाल परत ठेवले, मायक्रोस्कोपचा संगणक सुरू केला आणि पाचव्या बाटलीचा नकाशा उघडला.

६

गुरुवारी सकाळी बरोबर साडेनऊला फूटपट्टी दारात उभा होता.

"बोलावलंत?"

"ये, बस. एकच चित्र बघायचंय."

तो वाकला. पडद्यावर निळा स्फटिक होता, आणि त्याच्या पोटात पिवळाधमक डाग.

त्याचं बोट नकळत पडद्याकडे गेलं आणि डागाच्या कडेकडेने फिरलं.

"मधे हे काय आहे?"

"काल होतं तेच. आकडे तेच, काप तोच. मी फक्त रंग बदललेत. काल हिरव्यात लाल होतं."

तो खुर्चीवर बसला. हात मांडीवर घेतले, आणि तिथून नजर वर उचलली नाही. आत्यांनी घाई केली नाही.

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसरीत असल्यापासून. झाडाचं चित्र काढलं होतं, खोड हिरवं आणि पानं तपकिरी. सगळा वर्ग हसला. मग दादाने माझ्या खडूंवर नावं लिहून दिली." तो थांबला. "रसायनशास्त्राला प्रवेश घेताना डोळे तपासायचे. ठिपक्यांचे ते तक्ते दादाने कुठूनतरी मिळवले आणि माझ्याकडून पाठ करून घेतले. तेव्हापासून बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. द्रावणाचा रंग कधी बदलतो ते मला दिसत नाही, मग मी थेंब मोजतो. बाटल्या जागेवरून ओळखतो. लोक म्हणतात काटेकोर आहे. मी काटेकोर नाही, आत्या, मी भितो. सतत भितो. म्हणून तीनदा मोजतो."

आत्यांना पुढचं विचारणं भाग होतं.

"रविवारी घंटा वाजली, तेव्हा सिलिंडर तू बदललास?"

"हो," तो सहज म्हणाला.

"का?"

"पंधरा मिनिटं घंटा वाजली की तिच्या फोनवर निरोप जातो. तिच्या वडिलांचं काकांकडून कळलं होतं. निरोप मिळाला असता तर ती सगळं टाकून धावत आली असती. तुम्ही ओळखता तिला. मी बारा मिनिटांत बदलला."

"आणि तिला सांगितलं नाहीस?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? एका जागेला आम्ही दोघं. तिला वाटलं असतं, उपकार करतोय. नायट्रोजनच्या जागी नायट्रोजन लावला, एवढंच तर..."

"कुठला उचललास?"

"पुढच्या रांगेतला पहिला. नायट्रोजन नेहमी पुढच्या..." त्याचा आवाज विरत गेला.

"आदल्या दिवशी काकांनी फरशी धुतली होती," आत्या म्हणाल्या. "सगळे सिलिंडर हलवले होते. पुढच्या रांगेत हवा होती. गळ्यात लाल रिबीन होती, बाळा. तुला ती हिरवीसारखीच दिसली."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी तिच्यावर लिहून दिलं," त्याच्या बोटांमधून शब्द आले. "सही करून दिलं, की ही लबाड आहे. आणि केलं मीच."

आत्या उठल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला चाळिशीचा माणूस, पण त्या क्षणी दुसरीच्या वर्गातल्या बाकावरून उठून आलेला वाटत होता.

"साहेबांना मी काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पहिलं पान तू लिहिलंस. पुढचं पानही तूच लिही."

"डोळ्यांचंही लिहू?"

"ते तुझं तू ठरव. तेवढं वगळूनही खरं सांगता येईल."

७

त्याने काहीच वगळलं नाही. शुक्रवारी समितीपुढे उभं राहून त्याने दोन पानं वाचून दाखवली. आवाज एकदाच कापला, ते डोळ्यांचं आलं तेव्हा. तक्रार मागे घेतो, म्हणाला, आणि जागेसाठीचा अर्जही. समितीने तक्रार लगेच निकालात काढली. अर्ज मात्र मागे घेऊ दिला नाही. पाचवी नळी पुन्हा चालवावी, पाच आठवड्यांनी दोघांच्याही मुलाखती घ्याव्यात, असं ठरलं. समितीतल्या एका वृद्ध सदस्यांनी भिंगरीला बाजूला घेऊन सांगितलं, की अर्धवट जळलेली पूड टाकू नकोस, काजळी कशी निघून जाते ते इतकं स्पष्ट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात काका आणि भिंगरी एकमेकांवर तावातावाने ओरडत होते.

"माझ्यासाठी स्वतःचा प्रबंध बुडवत होतीस? मती फिरली होती काय तुझी?"

"आणि तुम्ही? वहीत लिहायचं सोडून लपवत बसलात! मला वाटलं, तुम्ही विसरायला लागलात!"

"मी? मी विसरायला लागलो?"

आत्यांनी दोघांनाही चहा पाजला, तेव्हा कुठे शांत झाले.

दुपारी भिंगरी आत्यांच्या खोलीत नवे काप बघत बसली होती. दारावर टकटक झाली. फूटपट्टी आत आला आणि तिच्यापासून चार हात दूर उभा राहिला.

आत्या उठायला लागल्या. "बसा, आत्या," भिंगरी म्हणाली.

"तुमचे पाच आठवडे मी वाया घालवले," तो म्हणाला. "आणि तुमच्याबद्दल जे लिहिलं, त्याला तर माफी मागायलाही तोंड नाही मला."

"सिलिंडरचं मला काही वाटत नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज ताठ होता. "पण लिहून देण्याआधी एकदा मला विचारायचं होतंत. चार पावलांवर बसते मी. माझं टेबल दिसतं ना तुम्हाला?"

"हो. विचारायला हवं होतं."

"ते मी इतक्यात विसरणार नाही."

"नका विसरू."

तो जायला वळला.

"थांबा," ती म्हणाली. तिचा ताठरपणा जरा सैल पडला. "घंटा कितीला वाजली होती?"

"अकरा वीस."

"निरोप आला असता अकरा पस्तीसला. मी निघालेच असते. आईला म्हटलं असतं, तासाभरात येते." ती हातातल्या पेनाकडे बघत होती. "बाबांना शुद्ध आली बारा वाजता. नळ्या, यंत्रं, पट्ट्या. घाबरून हातपाय झाडायला लागले, कुणाला आवरेनात. आईला तर रडूच फुटलं. मी त्यांचा हात धरला आणि बोलत राहिले, काय वाटेल ते, भट्टीचं, पुडीचं, काहीही. माझा आवाज ऐकून शांत झाले. डॉक्टर म्हणाले, त्या वेळी टाके तुटले असते तर कठीण होतं." तिने मान वर केली. "मी तिथे होते. तुमच्यामुळे होते, हे मला आज कळलं."

फूटपट्टीने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

"थोडं बोलू लागल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीये? भट्टी कुणाच्या भरवशावर टाकून आलीस? मी म्हटलं, चाललीय आपली आपली." ती आता हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. "त्यांना खरं काय ते सांगायचंय मला. तुम्ही याल का घरी? उद्या, चारच्या सुमाराला?"

"येतो," तो म्हणाला. "घर कुठे, ते फक्त नीट सांगा. दाराच्या रंगावरून सांगू नका."

भिंगरीने कागद ओढला आणि रस्ता, वळणं, जिना, मजला असं सगळं काढून द्यायला सुरुवात केली. आत्यांनी आपली खुर्ची सरकवून तिला टेबलावर जागा करून दिली.